यादीतली माणसे

गेल्या काही वर्षांत विक्रीचे एक नवे शास्त्र खेडोपाडी येऊन पोहोचले आहे. जालना जिल्ह्यातल्या आमच्या तीर्थपुरीसारख्या गावातही कॉलेज संपवून आलेली मुले त्याविषयी बोलताना ऐकू येतात. शास्त्र थोडक्यात असे : आपल्या मालात रस असलेल्या माणसांचे ई-मेलचे पत्ते गोळा करायचे. त्यासाठी आधी काहीतरी फुकट द्यायचे, एखादी माहितीपुस्तिका, एखादा सल्ला. पत्ता मिळाला की त्या माणसाला नेमाने पत्रे पाठवायची. चार पत्रांत त्याच्या उपयोगाचे काही लिहायचे, पाचव्यात आपल्या मालाचे नाव काढायचे. दुकान रस्त्यावर असो की घरात, पत्त्यांची ही यादी हेच खरे भांडवल, असे हे शास्त्र शिकवणारे सांगतात.

ऐकणाऱ्याला वाटते, हे सगळे अमेरिकेतून आले असणार. यंत्र तिकडून आले हे खरे. पण आधी पत्ता, मग ओळख, मग विश्वास आणि शेवटी विक्री हा क्रम मराठी मुलुखाला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माळरानावरच्या कारखान्याने तो अमलात आणला होता, आणि तोही लोखंडी नांगर विकण्यासाठी. आज ती हकिगत सांगायची आहे.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. मी कवितेचा माणूस. घरात दखनी आणि बाहेर मराठी अशा दोन बोलींत वाढलेला. त्यामुळे शब्द कुठल्या वाटेने आला हे पाहायची सवय लागली. 'यादी' हा शब्द फारसी 'याद'वरून आला. याद म्हणजे स्मरण. यादी करणे म्हणजे मूळात लक्षात ठेवणे. 'जाहिरात' आली 'जाहीर'वरून, म्हणजे उघड करण्यावरून. 'वर्गणीदार' या शब्दात तर 'वर्गणी'च्या पाठीला फारसी 'दार' लागला आहे. बाजाराची आपली भाषा अशी अनेक घरचे पाणी पिऊन मोठी झाली. पण यादी म्हणजे स्मरण, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मराठी वृत्तपत्रांचा उगम आपण ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून मोजतो. ते साडेआठ वर्षे चालले. त्या काळात छापील मजकूर विकत घेणारा माणूस हीच दुर्मीळ गोष्ट होती. म्हणून जुन्या मराठी पुस्तकांत आणि मासिकांत आश्रय देणाऱ्यांची नावे छापण्याची रीत दिसते. कोण कुठल्या गावचा, हुद्दा काय, किती प्रती घेतल्या, हे सगळे त्यात असे. पुस्तक निघण्याआधी ही नावे मिळवायची, त्या भरवशावर छपाईचा खर्च उचलायचा. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड काढले, तेही लिमिटेड कंपनी उभारून आणि गावोगाव ग्राहक मिळवूनच. ग्राहक आधी, ग्रंथ नंतर.

ही यादी मुंबई-पुण्याबाहेर पसरली ती टपालाच्या रस्त्याने. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. अंतर कितीही असो, दर एकच. १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू झाली, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनीऑर्डर. या चार गोष्टींनी खेड्यातल्या माणसाला घरबसल्या गिऱ्हाईक केले. पोस्टकार्डावर मागणी करायची, पोस्टमन पुडके घेऊन दारात यायचा, त्याच्या हातात पैसे मोजायचे आणि ते पैसे विकणाऱ्याकडे परत जायचे. विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधी पाहतही नसत. याच सुमारास, १८७२ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने एका कागदावर मालाची यादी छापून ती शेतकऱ्यांना टपालाने पाठवायला सुरुवात केली होती. तिथेही गिऱ्हाईक शेतकरीच होता, कारण दुकानापासून सर्वांत दूर तोच राहत होता.

व्ही. पी.ची एक मेख होती. घेणाऱ्याने पुडके नाकारले तर जायचा खर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर पडे. म्हणून मासिकांतून विनवणी छापली जाई : वर्गणी संपली आहे, पुढचा अंक व्ही. पी.ने पाठवत आहोत, घ्यायचा नसेल तर आधी कळवावे, व्ही. पी. परत करून नुकसान करू नये. अंकाच्या वेष्टनावर वर्गणीदाराचा क्रमांक असे आणि पत्रव्यवहारात तो लिहावा अशी सूचना असे. आज ई-मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'आपले नाव कमी करण्यासाठी येथे दाबा' असे असते. ते त्या विनवणीचेच वंशज आहे. नको असलेल्या माणसाला पत्र पाठवत राहिले की तोटा पाठवणाऱ्याचाच होतो, हे छापखान्यातल्या कारकुनाला तेव्हाही कळत होते.

आता मूळ हकिगतीकडे येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग चारा कापण्याचे यंत्र केले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमीन बिघडते, तिच्यात विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याच्याजवळ जमिनीशिवाय दुसरे काही नाही, तो तिच्यावर प्रयोग करू देताना दहादा विचार करणारच. १९१० मध्ये औंध संस्थानच्या प्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, चारा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक तिथे होऊ लागले.

माल तयार होत होता, पण तो घेणारा शेतकरी दूरदूरच्या खेड्यांत विखुरलेला होता. शिवाय नांगर ही काही रोज घ्यायची वस्तू नाही. एकदा घेतला की फाळ झिजेल तेव्हा फाळ बदलायचा. नांगर पुढची कितीतरी वर्षे तोच. मग मधल्या काळात गिऱ्हाइकाशी बोलायचे काय? आणि बोलणे थांबले तर पुढे त्याला चरक हवा असेल, पंप हवा असेल, तेव्हा आपली आठवण त्याला का यावी?

हा प्रश्न सोडवला तो लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी. पुढे 'शंवाकि' या नावाने ते महाराष्ट्राला माहीत झाले. ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्र सुरू केले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळवावी, एवढाच त्याचा पहिला हेतू. हल्ली ज्याला मोठ्या कंपन्या 'न्यूजलेटर' म्हणतात, तेच ते.

पण शंकररावांनी लवकरच ओळखले की नुसत्या कारखान्याच्या बातम्या कोणी महिनोन्महिने वाचत नाही. वाचणाऱ्याच्या आयुष्यात काय चालले आहे, ते पत्रात आले पाहिजे. हळूहळू अंकात उद्योगधंद्यांची माहिती आली, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या माणसांच्या हकिगती आल्या, कथा आल्या, विनोद आला, समाजसुधारणेवरचे लेख आले. १९२० चे दशक संपता संपता 'खबर' हा शब्द गळाला आणि मासिकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले. मला या शब्दाची थोडी हळहळ वाटते, कारण तो अरबस्तानातून निघून माझ्या आजीच्या बोलीत वस्तीला आलेला शब्द होता. पण नाव बदलले ते काम वाढल्यावर, हेही खरे. १९३० मध्ये 'स्त्री' निघाले, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून सुरू झालेले पत्र मराठी घरांतल्या बायकांच्या आणि तरुणांच्या मासिकांपर्यंत पोहोचले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले आणि त्यांवर वादही झडले. 'स्त्री'ने विवाह, शिक्षण, नोकरी या प्रश्नांवर कित्येक पिढ्यांना बोलते केले.

यातली शिकण्यासारखी गोष्ट कोणती? शंकररावांनी जाहिरात लपवली नाही. मासिकाच्या नावातच कारखान्याचे नाव होते. वाचणाऱ्याला पक्के माहीत होते की हे पत्र नांगरवाल्यांचे आहे. तरी तो ते वाचत होता, पुढे पैसे देऊन वाचू लागला, कारण अंकात त्याला त्याच्या कामाचे काही मिळत होते. जे पत्र सुरुवातीला कारखान्याच्या गरजेपोटी निघाले, त्यासाठी लोक खिशातून वर्गणी भरू लागले, यापेक्षा यादीचे मोठे यश कोणते असेल? आजच्या विक्रीशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांत जे मोठ्या अक्षरांत छापतात, ते किर्लोस्करवाडीच्या माळावर घडून गेले होते.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट निराळी होती. आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाची टपालव्यवस्था स्वतंत्र, तिकिटेही वेगळी. ती व्यवस्था १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाली. मराठी मासिक मागवणे ही इकडे नुसती आवडीची बाब नव्हती. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की वाघमारे नवे नाव घेऊन अंक काढत. त्याही नावावर बंदी आली की आणखी नवे नाव. मथळा बदले, पण वाचक तेच राहत. त्यांच्या जोरावरच ते पत्र पुन्हा पुन्हा उभे राहिले.

इथे यादीची दुसरी बाजू दिसते. किर्लोस्करवाडीच्या यादीत नाव असणे म्हणजे फार तर चरकाची जाहिरात घरी येणे. बंदी असलेल्या पत्राच्या यादीत नाव असणे म्हणजे जप्तीची आणि तुरुंगाची शक्यता. दोन्ही याद्या कागदावर सारख्याच दिसतात, नाव, गाव, टपाल. पण ती यादी कोणाच्या हाती पडते यावर माणसाचे बरेवाईट ठरते. पत्ता देणारा माणूस पत्त्याबरोबर थोडा विश्वासही देत असतो, हे आमच्या भागाने असे अनुभवले.

स्वातंत्र्यानंतरचा एक ठळक प्रयोग म्हणजे 'ग्रंथाली'. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकाने सभासद व्हायचे, वर्गणी भरायची आणि पुस्तके कमी किमतीत घ्यायची. पुस्तक छापण्यापूर्वीच ते घेणारे हजर, त्यामुळे एरवी प्रकाशक ज्याला हात लावायला कचरले असते असे लेखनही छापता आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये 'ग्रंथाली'ने काढले. मराठी साहित्याचा चेहरा बदलणाऱ्या या पुस्तकांच्या मागे सभासदांचीही एक यादी उभी होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

माझ्यासारख्या खेड्यातल्या कवीनेही हा मार्ग चोखाळला आहे. माझा पहिला संग्रह १९९० च्या दशकात निघाला. प्रकाशनपूर्व सवलतीची दीडेकशे पोस्टकार्डे मी हाताने लिहिली. पत्ते कुठून आणले? कविसंमेलनांत भेटलेली माणसे, दिवाळी अंकांतून पत्रे पाठवणारे वाचक, जालना-अंबडचे शिक्षक. त्यांतल्या साठ-सत्तर जणांनी मनीऑर्डर केल्या. मनीऑर्डरच्या खालच्या कुपनावर निरोपासाठी चार बोटे जागा असे. त्या जागेत कोणी पावसाची खबर लिहिली, कोणी मुलीच्या लग्नाचे आमंत्रण दिले, एका गुरुजींनी माझ्या एका ओळीतली शुद्धलेखनाची चूक दाखवली. पैसे संपले, कुपने अजून आहेत. आज ई-मेलने हजार माणसांना पत्र एका क्षणात जाते. पण पाठवणाऱ्याने परत आलेले उत्तर वाचले नाही तर त्या हजारातल्या एकाचीही ओळख होत नाही.

ई-मेलचा इतिहास फार लांबचा नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन संगणकांमध्ये पहिले पत्र पाठवले. १९७८ च्या मे महिन्यात एका अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना, न विचारता, एकाच वेळी जाहिरात पाठवली. लोक चिडले, पण कंपनीचा मालही खपला. तेव्हापासून हा झगडा चालू आहे. न मागता येणाऱ्या अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. हे नाव डबाबंद डुकराच्या मांसाचे. एका इंग्रजी विनोदी नाटुकल्यात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच घातलेले असते, त्यावरून हा शब्द रूढ झाला. आमच्या घरात तर तो दोन्ही अर्थांनी वर्ज्य!

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आले. त्याच सुमारास मोबाइलही आला, आणि याद्या कागदावरून निघून अशा ठिकाणी गेल्या की त्या कोणाकडे आहेत हेच कळेना. २००७ मध्ये नको असलेले फोन थांबवण्यासाठी सरकारी नोंदवही सुरू झाली. १९०९ हा क्रमांक त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. २०२४ पासून मोठ्या ई-मेल कंपन्यांनीही नियम घातला की, रोज पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्याने एका दाबणीत नाव कमी करण्याची सोय दिलीच पाहिजे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत २५६ माणसे बसतात आणि ज्याने तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदवला आहे, त्यालाच तुमचा निरोप पोहोचतो. यंत्र बनवणाऱ्यांना शेवटी तेच करावे लागले, दार उघडण्याची कडी आतल्या माणसाच्या हाती द्यावी लागली.

तरी रोजचा अनुभव काय आहे? शहरातल्या एका दुकानात मी नातीसाठी फ्रॉक घेतला. बिलाच्या वेळी मोबाइल क्रमांक मागितला, मी दिला. आठवड्याच्या आत कर्ज देणारे, प्लॉट विकणारे, गुडघेदुखीचे तेल विकणारे मला नावाने ओळखू लागले. फ्रॉकच्या बिलात गुडघे कुठून आले? माझ्या वयाचा अंदाज कोणीतरी कोणाला तरी विकला होता. माझ्यासारख्याचे यात फार तर डोके दुखते. पण पीककर्जाच्या, विम्याच्या, अनुदानाच्या नावाने येणारा फोन शेतकऱ्याचे बँकेतले पैसे घेऊन जातो, तेव्हा त्याचीही सुरुवात कुठल्यातरी यादीतूनच झालेली असते.

अशा वेळी मला आमच्या मोहल्ल्यातल्या बांगड्या विकणाऱ्या चाची आठवतात. टोपली डोक्यावर घेऊन त्या आसपासची गावे फिरत. अक्षर एक येत नव्हते, पण पाचपन्नास घरांची यादी त्यांच्या डोक्यात होती. कोणाच्या मनगटाला कुठले माप, कोणती लेक माहेरी आली आहे, कुणाचे लग्न ठरले आहे, सगळे ठाऊक. ज्या घरात दुःख झाले असेल, त्या घरापुढून त्या हाक न देता जात. आणि एका घरात दिसलेले दुसऱ्या घरात कधी बोलत नसत. धंदा त्यांचाही होता, पोटही त्यांना होते. पण त्यांच्याजवळची यादी खऱ्या अर्थाने याद होती.

आमच्या भागात आज बचत गटांच्या बाया पापड-शेवया करतात, मसाले करतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काही तरुण शेतकरी मधल्या दलालाला टाळून थेट शहरातल्या गिऱ्हाइकाला पेट्या पाठवू पाहत आहेत. त्यांना यादी लागणारच, आणि ती त्यांनी जरूर करावी. फक्त कोणीतरी पाचशे रुपयांत लाखभर क्रमांक देतो म्हणाला तर ते घेऊ नयेत. ज्याने एकदा मोसंबी खाऊन पुन्हा मागितली, अशा पन्नास माणसांपासून सुरुवात करावी. बागेला बहर धरला की कळवावे, गारपीट झाली तर तेही कळवावे, फळ यंदा लहान आहे हे पेटी पाठवण्याआधी सांगावे. विकायला काही नसेल त्या महिन्यातही दोन ओळी लिहाव्यात. आणि माझे नाव काढून टाका असे कोणी कळवले, तर ते त्याच दिवशी काढावे, कारण न विचारता. ज्याला आपण सुखाने जाऊ दिले, तो पुढच्या हंगामात स्वतःहून परत येण्याची शक्यता राहते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)